विडंबन आणि विटंबना

मराठीत हे दोन शब्द एकाच घरातले आहेत. संस्कृतातल्या एकाच धातूपासून दोन्ही आले. मूळ अर्थ नक्कल करणं, सोंग आणणं. मराठीत येता येता त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कवितेचं विडंबन झालं तर लोक हसतात, आणि कवी समंजस असेल तर तोही हसतो. विटंबना झाली तर दुकानं बंद होतात आणि चौकात पोलिसांची गाडी उभी राहते. 'ड'चा 'ट' झाला आणि हसण्याचं रडणं झालं.

उर्दूतही अशी जोडी आहे. मिजाह म्हणजे विनोद. तजहीक म्हणजे एखाद्याला हास्यास्पद ठरवणं, त्याची बेअब्रू करणं. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. दोन्ही भाषांत मुलांना हा फरक व्याख्येनं सांगता येत नाही, उदाहरणानंच सांगावा लागतो. सगळ्यात चांगलं उदाहरण मला आमच्या कोल्हापुरातच सापडतं. ते आहे मराठी गझलेचं. मराठीत गझल आली, तिची मनसोक्त टिंगल झाली आणि तरीही ती टिकली. ही गोष्ट मुस्लिम वाचकांनी तर जरूर माहीत करून घ्यावी, कारण तिच्यात आपल्या घरातले बरेच शब्द आहेत.

दुसऱ्याची चाल

विडंबनगीत ही फार साधी गोष्ट आहे. सर्वांना पाठ असलेलं गाणं घ्यायचं, चाल तीच ठेवायची आणि शब्द बदलायचे. गॅदरिंगमध्ये मुलं हेच करतात. प्रेमगीताच्या चालीवर गणिताच्या पेपरची तक्रार येते, भक्तिगीताच्या चालीवर डब्यातल्या भाजीची. ऐकणाऱ्याच्या कानात जुनं गाणं वाजत असतं आणि तोंडातून नवे शब्द येतात. या दोन्हींची टक्कर झाली की हसू फुटतं. ज्याला मूळ गाणं माहीत नाही त्याला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही.

जपानी भाषेत अशा गाण्याला 'काएउता' म्हणतात, म्हणजे बदललेलं गाणं. तिथे तात्सुओ कामोन नावाचा गायक-गीतकार याच कामासाठी प्रसिद्ध आहे. १९९१ साली त्याची काएउतांची माळ फार गाजली. लोकप्रिय गाण्यांचे तुकडे एकामागून एक, आणि प्रत्येक तुकड्याचा शेवट भलतीकडेच. पुढे त्यानं योहान सेबास्टियन बाखच्या गंभीर ऑर्गनच्या सुरावटीवर नाकातून दूध येण्याचं गाणं केलं. ते जपानी पोरांच्या तोंडी बसलं. बाखचं नाव न ऐकलेल्या पोरांनाही ते सूर ओळखीचे होते, भयपटात आणि टीव्हीवर कुठे ना कुठे ते वाजतच असतात. ओळख होती म्हणूनच गंमत झाली.

आपल्याकडे दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द बसवणं हा काही पोरखेळ मानला जात नव्हता. आपली सगळी संगीत नाटकं त्यावर उभी आहेत. जुन्या नाटकांची छापील पुस्तकं उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर राग आणि ताल असतो, आणि अनेकदा 'चाल' असं लिहून पुढे दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याचे शब्द दिलेले असतात. त्यात कधी हिंदी ठुमरी असते, कधी लावणी, कधी कानडी पद. १९११ सालच्या 'संगीत मानापमान'च्या पदांना चाली दिल्या त्या आमच्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी. उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग त्यांनी मराठी रंगभूमीवर आणला. त्या काळी कोल्हापूर दरबारात अल्लादिया खाँसाहेब गात होते आणि शहराचा कान तयार होत होता. हिंदुस्थानी बंदिशीतून मराठी पदात आलेली चाल रसिकांना परकी वाटली नाही. त्यांनी वन्स मोअर दिला.

उर्दू शायरीत याच गोष्टीला 'जमीन' म्हणतात. एखाद्या गझलेचं वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून तिची जमीन होते. दुसऱ्या शायराच्या जमिनीत गझल लिहिणं हा अपराध नाही, उलट तो रिवाजच आहे. तरही मुशायऱ्यात एक ओळ आधी जाहीर होते आणि सगळे शायर त्याच जमिनीत लिहून आणतात. कुणी गंभीर शेर काढतो, कुणी विनोदी. मुलांना मी सांगतो, मराठीतली चाल आणि उर्दूतली जमीन हे एकाच व्यवहाराचे दोन शब्द आहेत. दुसऱ्याच्या रानात पेरायचं तर आधी त्या मातीची ओळख हवी.

फारसीचे प्राध्यापक पटवर्धन

आता गझलेकडे येऊ. माधव त्र्यंबक पटवर्धन यांचा जन्म १८९४ साली बडोद्याचा. कवी म्हणून त्यांनी नाव घेतलं माधव जूलियन. पेशानं ते फारसीचे प्राध्यापक. आधी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात होते. आयुष्याच्या उत्तरार्धात ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले आणि इथे त्यांनी बरीच वर्षं शिकवलं.

मला या माणसाचं नेहमी नवल वाटतं. १९२५ साली त्यांचा 'फारसी-मराठी कोश' आला. मराठीत रुळलेले आपले कितीतरी शब्द मूळचे कुठले हे त्यातून नीट कळतं. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी थेट फारसीतून मराठीत आणल्या, इंग्रजी भाषांतराच्या कुबड्या न घेता. ते पुस्तक १९२९ सालचं. आणि १९३३ साली आली 'गज्जलांजलि'. ते 'गज्जल' असं दोन 'ज' घालून लिहीत. मराठीत गझलेचा आकार पद्धतशीरपणे रुजवायचा पहिला मोठा प्रयत्न तो. वृत्तं, काफिया, रदीफ यांचा त्यांनी शास्त्रासारखा अभ्यास केला होता. वृत्तांवरचा त्यांचा 'छन्दोरचना' हा ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. त्यासाठी मुंबई विद्यापीठानं त्यांना डी. लिट. दिली.

विचार करा. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली आणि बोर्डिंग उभं केलं, त्याच शहरात पुढे एक चित्पावन ब्राह्मण कवी वर्गात फारसी शिकवत होता आणि घरी येऊन मराठीत गझल लिहीत होता. भाषा कुणाची असते, या प्रश्नाचं उत्तर या शहरानं असं दिलं होतं.

झेंडूची फुले

पुण्यात असताना माधव जूलियन रविकिरण मंडळात होते. हे मंडळ १९२३ च्या सुमाराचं. यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे वगैरे मंडळी एकत्र जमायची, चहा व्हायचा, कविता वाचल्या जायच्या. या कवींनी एक मोठी गोष्ट केली. कविता पुस्तकातून काढून त्यांनी सभागृहात आणली. ते कविता गाऊन म्हणत, आणि गावोगाव त्यांच्या काव्यगायनाला गर्दी होई. त्यामुळे त्यांच्या चाली लोकांच्या कानात बसल्या. विडंबनासाठी शेत तयार झालं ते इथे.

त्या शेतात उतरले प्रल्हाद केशव अत्रे. तेव्हा ते 'केशवकुमार' या नावानं लिहीत. व्यवसायानं शाळामास्तर, माझ्याच बिरादरीतले. त्यांच्या विडंबन कवितांचा संग्रह 'झेंडूची फुले'. नावापासूनच थट्टा सुरू होते. तेव्हाचे कवी गुलाब, मोगरा, पारिजातक यांच्यात रमलेले, आणि यांनी हातात घेतला झेंडू, म्हसोबापासून म्हशीच्या गळ्यापर्यंत कुठेही चालणारा. रविकिरण मंडळाची कविता हे या संग्रहाचं मोठं लक्ष्य होतं. तिचे हळवे उसासे, प्रेयसीला मारलेल्या लांबलचक हाका, ओढून आणलेली यमकं, आणि माधव जूलियन यांच्या कवितेतले खास फारसी वळणाचे शब्द, काही म्हणजे काही त्यांनी सोडलं नाही.

हे विडंबन करायला काय लागतं ते मास्तर म्हणून मी सांगू शकतो, कारण मी ते वर्गात करवून पाहिलं आहे. मुलांना वाटतं, चार विनोदी शब्द घातले की झालं. लिहायला बसली की तिसऱ्या ओळीला अडकतात. मात्रा कमी पडते, यमक जुळत नाही, चाल ओढावी लागते. मूळ कविता ज्या शिस्तीनं लिहिली आहे तीच शिस्त विडंबन करणाऱ्यालाही पाळावी लागते. उलट त्याला जास्तच. कवीची एखादी मात्रा चुकली तर भावनेच्या भरात खपून जाते. विडंबनात चुकली की विनोदच पडतो. अत्र्यांचं वृत्तावर प्रभुत्व होतं. कवीच्या लकबी त्यांनी इतक्या बारकाईनं टिपल्या होत्या की त्या कवीचा तेवढा बारीक वाचक दुसरा क्वचितच असेल. टिंगल करण्यासाठी का होईना, त्यांना ती कविता पाठ करावी लागली.

या संग्रहातली सगळ्यात लोकप्रिय कविता कोणती, तर 'प्रेमाचा गुलकंद'. ती कुणा एका कवितेची नक्कल नाही, सगळ्या गुलाबी प्रेमकवितेचीच थट्टा आहे. प्रियकर रोज एक गुलाब आणून देतो. देता देता महिने जातात. शेवटी धीर करून तो तिच्या मनातलं विचारतो, तर ती आतून बरणी घेऊन येते. त्याच्या सगळ्या गुलाबांचा तिनं गुलकंद घातलेला असतो.

आता त्या शब्दाकडे बघा. गुलकंद. गुल म्हणजे फारसीत गुलाबाचं फूल. कंद म्हणजे खडीसाखर. फारसी ढंगाच्या कवितेची थट्टा करणाऱ्या पुस्तकातली सर्वात गाजलेली कविता, आणि तिचं नाव उभं आहे एका अस्सल फारसी शब्दावर! गंमत इथेच संपत नाही. फारसीतला तो 'कंद' मूळचा संस्कृत 'खंड', म्हणजे आपली खांड, उसाच्या रसापासून केलेली साखर. हिंदुस्थानातून शब्द इराणात गेला, तिथे गुलाबात मुरला आणि मराठीत परत आला. मी शाहूपुरीत राहतो. ही पेठ शाहू महाराजांनी वसवली आणि गुळाच्या व्यापारावर ती वाढली. उसाच्या रसाचं काय काय होतं हे आम्हाला कुणी सांगायला नको. शब्दांचंही तसंच होतं, हे मात्र मला या गुलकंदानं शिकवलं.

मग शुद्धी आली

या कहाणीत एक वळण असं आहे की ते वाचून मन खट्टू होतं. त्या काळात महाराष्ट्रात भाषाशुद्धीची चळवळ जोरात होती. मराठीतले फारसी-अरबी आणि इंग्रजी शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत शब्द घालावेत असा तिचा आग्रह. सावरकर तिचे मोठे पुरस्कर्ते. १९३८ साली एक पुस्तक आलं, 'भाषाशुद्धि-विवेक'. लेखक होते माधव त्र्यंबक पटवर्धन. फारसी-मराठी कोश करणारे तेच, गझल आणणारेही तेच.

हे कसं झालं याची मीमांसा अभ्यासक करतील. मला त्यातून एवढंच दिसतं की शब्दाला दोन बाजूंनी धक्का बसू शकतो. एक धक्का अत्र्यांचा. तो म्हणतो, "काय हे शब्द वापरता राव!" आणि खो खो हसतो. हसता हसता तो शब्द आणखी हजार लोकांच्या कानावर पडतो. दुसरा धक्का शुद्धीचा. तो हसत नाही. तो शब्दाला बाजूला घेऊन विचारतो, तू कुठला? कागद आहे का तुझ्याकडे? (आणि कागद हा शब्दही फारसीच.) थट्टेमुळे शब्द मेल्याचं मला तरी माहीत नाही. यादीतून काढल्यामुळे मात्र गेलेले पुष्कळ.

तसं पाहिलं तर हसण्याची भाषा शुद्ध करायला बसणं हाच मोठा विनोद आहे. विनोद, उपहास, विडंबन हे शब्द संस्कृत. पण मराठी माणूस प्रत्यक्षात हसतो कशानं? मजा, हा फारसी. मस्करी, मूळ अरबी. नक्कल, अरबी. तमाशा, अरबी. तमाशात गाणारा शाहीर, तोही अरबी. मजा, मस्करी, नक्कल आणि तमाशा काढून घेतले तर मराठी माणसानं हसायचं ते परवानगीचा अर्ज करूनच.

माधव जूलियन १९३९ साली वारले, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. त्यांची गझल आज फार कुणी वाचत नाही. पण तो आकार मेला नाही. पुढे सुरेश भटांनी त्याला मराठी मातीचा श्वास दिला. प्रत्येक शेर स्वतंत्र, बोली सहज, आणि ओळ अशी की ऐकणाऱ्यानं दाद द्यावीच. त्यांनी नवशिक्यांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहून दिली. आणि मग आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचे इलाही जमादार आले. ते २०२१ साली गेले. मराठीत गझल लिहिणाऱ्या एका मुसलमान कवीला महाराष्ट्रानं भरभरून दाद दिली, आणि ही गझल बाहेरची आहे असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. विसाच्या दशकात ज्या वळणाला लोक हसत होते, ते सत्तरीनंतर मराठीचं वळण झालं होतं. आज मराठी गझलेचीही विडंबनं होतात. ती ऐकली की मला बरं वाटतं. ज्याची चाल कुणाला ठाऊकच नाही, त्याचं विडंबन कोण कशाला करील?

उर्दूची थट्टा

उर्दूवाल्यांनी स्वतःची थट्टा कमी केलेली नाही, हेही सांगायला हवं. आपल्यातले काहीजण शायरी म्हटली की चेहरा इतका गंभीर करतात, जणू मय्यतीला आले आहेत. लखनौहून १८७७ पासून 'अवध पंच' निघत होतं. त्यात मोठमोठ्या लोकांची टोपी उडवली जाई. अकबर इलाहाबादी इंग्रज सरकारच्या नोकरीत न्यायाधीश होते आणि शेरात इंग्रजी शब्दाचा काफिया बसवून साहेबी थाटाची फिरकी घेत. कन्हैयालाल कपूर यांनी तर गालिबला नव्या शायरांच्या बैठकीत आणून बसवलं. बिचारा गालिब त्यांची मुक्तछंदातली कविता ऐकून चक्रावून जातो. कपूर हिंदू होते आणि ज्यांची टर उडवली त्यांच्यात मुसलमान शायर होते, याचं कुणाला काही वाटलं नाही. ते उर्दूच्या घरातले होते. घरातला माणूस काय वाटेल ते बोलू शकतो.

दख्खनमध्ये गुलबर्ग्याच्या सुलेमान खतीब यांनी आपल्या बोलीत विनोदी नज्म लिहिल्या. दखनी म्हणजे जिला उत्तरेचे लोक हसायचे ती बोली. 'नको'चं 'नक्को' करणारी, मराठीतला 'च' उचलून 'इच' लावणारी. खतीबसाहेबांनी त्या हसण्याचा रोख बदलला. बोलीला हसायचं नाही, बोलीतून हसायचं. मुशायऱ्यात लोक पोट धरून हसत आणि शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी येई, कारण त्या विनोदात हुंड्यासाठी अडलेल्या मुलीचे आईबाप असत.

विटंबना कधी होते

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मराठी विनोदी कार्यक्रमांत, मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये एक पात्र ठरलेलं असतं. भाई. अंगावर लुंगी, डोळ्यांत सुरमा, डोक्यावर जाळीची टोपी. तो 'हम आता है, तुम जाता है' असं बोलतो. मराठी बोलला तर प्रत्येक लिंग चुकवतो. तो एकतर मटणवाला असतो नाहीतर पंक्चरवाला. मी एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून गेलो होतो. तिथल्या एका गाण्यात हे पात्र होतं. चाल कव्वालीची. पण तिच्यात कव्वालीचं काहीच नव्हतं. ना मुखड्याची पुनरावृत्ती, ना गिरह, ना टाळीचा ठेका. नुसतं 'अल्ला अल्ला' आणि चुकीची मराठी. माझ्या शेजारी बसलेल्या बाई हसत होत्या. मधेच त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि त्या हसायच्या थांबल्या. त्या थांबल्या, याचंच मला जास्त लागलं. विडंबन असतं तर थांबायची गरज पडली नसती, मीही हसलो असतो.

राग येतो, नाही असं नाही. पण मास्तर रागावून बसला तर धडा कोण घेणार? म्हणून मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो आणि मुलांनाही विचारायला लावतो. पहिला, तुला मूळ चाल येते का? कव्वालीची थट्टा करायची तर आधी कव्वाली म्हणून दाखव. दुसरा, हसू कशावर आहे? गाण्यावर, लकबीवर, ढोंगावर, की माणसाच्या जन्मावर? लकब सोडता येते, जन्म सोडता येत नाही. तिसरा, ज्याला हसतोस तो समोर बसला असता तर हेच गाणं असंच म्हटलं असतंस का?

हे प्रश्न आपल्यालाही लागू आहेत. आपल्या घरांत मराठी भटजीची, मारवाडी दुकानदाराची, बिहारी कामगाराची नक्कल होत नाही का? आपल्याच बिरादरीतल्या कोकण्याच्या, देशावरच्याच्या बोलण्यावर आपण हसत नाही का? तीही याच तीन चाळण्यांतून गेली पाहिजेत.

तिसरा प्रश्न कसा सोडवावा हे संत एकनाथांनी सोळाव्या शतकात दाखवून ठेवलं आहे. त्यांच्या भारुडांत तऱ्हेतऱ्हेची सोंगं आहेत, आणि त्यांनी 'हिंदू-तुर्क संवाद'ही लिहिला. त्यात दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या देवाधर्मावर तोंडसुख घेतात. तुर्क हिंदूच्या मूर्तींना हसतो, हिंदू तुर्काच्या रीतींना. बोलणी चांगलीच झोंबरी आहेत, आज कुणी लिहिली तर दोन्हीकडून गुन्हा दाखल होईल. पण नाथांनी तुर्काच्या तोंडी तुर्काची भाषा दिली आणि त्याला उत्तराची बारी दिली. त्याला मुका ठेवला नाही. शेवटी दोघं गळाभेट घेतात. गॅदरिंगच्या गाण्यातल्या भाईला ती बारी कुणी देत नाही. सगळा फरक तिथे आहे.

सोयरिकीची थट्टा

थट्टेची बारी दोन्हीकडे कशी असते ते आपल्या लग्नघरांत बघायला मिळतं. हळदीच्या रात्री ढोलक घेऊन, ढोलक नसेल तर स्टीलचं ताट उलटं करून, बायका गायला बसतात. खाला, फुफ्पी, मामी, शेजारची काकू. सिनेमाच्या गाण्याची चाल आणि शब्द ऐनवेळचे. समधीण किती कंजूष, नवरदेवाचं पोट कसं सुटलेलं, त्याच्या बहिणीचा मेकअप कसा ओघळलेला. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या बायका त्याचं उत्तर देतात. मराठा घरांतही विहिणींची थट्टा अशीच चालते, फक्त शब्द वेगळे. हीच आपली काएउता, आपलं विडंबनगीत. तिला कवयित्री आहेत, पण त्यांची नावं कुठे छापलेली नाहीत.

या गाण्यांत एक कायदा असतो, न लिहिलेला. थट्टा फक्त समधींची. ज्यांच्या घरी आपण मुलगी देतो किंवा ज्यांची मुलगी आणतो त्यांचीच. सोयरीक आधी, मस्करी मग. परक्याची मस्करी केली तर ते भांडण, सोयऱ्याची न केली तर तो अपमान. लग्नाला बोलावून कुणी आपल्यावर एकही गाणं म्हटलं नाही म्हणून रुसलेल्या समधीण मी पाहिल्या आहेत.

माधव जूलियन आणि अत्रे यांच्यात असंच काहीसं होतं असं मला वाटतं. एकाच भाषेच्या लग्नात दोन बाजूंना बसलेले दोघं. एकानं फारसीची मुलगी मराठीच्या घरात आणली, दुसऱ्यानं तिच्यावर गाणी म्हटली, आणि मुलगी इथेच नांदली.

हळदीची ही गाणी आता झपाट्यानं जात आहेत. हॉल रात्री दहाला बंद होतो, डीजे लागतो, आणि डीजेच्या चालीवर स्वतःचे शब्द बसवता येत नाहीत, त्याचा आवाजच कुणाला शिरू देत नाही. या वर्षी मी नववीच्या मुलांना सुट्टीत एकच काम दिलं आहे. घरातल्या सर्वात म्हाताऱ्या बाईकडून थट्टेचं एक गाणं उतरवून आणायचं. दखनीत असो की मराठीत, त्याची मूळ चाल कोणती, ते कुणाच्या लग्नात म्हटलं आणि तेव्हा कोण रुसलं, हेही खाली लिहायचं. तुमच्याही घरात अशी नानी किंवा आजी असेल तर या रमजान ईदला किंवा दिवाळीला तिच्याजवळ वही घेऊन बसा. पहिल्यांदा ती लाजेल, "हे काय लिहायचं असतंय होय?" म्हणेल. थोडा वेळ थांबा. ती गाईल.